डबे तीन झाले, तरी माडीवर नेट का येत नाही?

वैनी, नमस्कार. पत्र नीट वाचलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो म्हणजे पुढचं कळेल. घर बेळगावच्या वडगावात, पुढं पत्र्याच्या शेडात यंत्रमाग, त्याच्या मागं सासऱ्यांच्या काळातलं जाड दगडी भिंतींचं घर, सोपा माजघर सैपाकघर असं, आणि मागच्या अंगाला वर स्लॅबच्या दोन नवीन खोल्या. नेट २०० एमबीपीएसचं. नेटवाल्यानं बॉक्स सोप्यात बसवला, माजघरात रेंज येईना म्हणून रिपीटर आणला, आणि मुलगा माडीवर बसून बेंगलोरच्या कंपनीचं काम करतो म्हणून इलेक्ट्रिशियनकडनं वर वायर ओढून घेऊन तिथं घरात पडून असलेला जुना राउटर लावला. आता फोनवर सोप्यात १८० दाखवतं, माजघरात ३०-३५, माडीवर ५-६, आणि मीटिंगमध्ये आवाज तुटतोय. तिसरा डबा लावल्यावर तर त्रास वाढलाच. नेटवाला म्हणतो ३०० चा प्लॅन घ्या, दुकानदार म्हणतो हे सगळं काढा आणि मेशचा सेट घ्या, म्हणजे आपापसात हवेतनं बोलून सगळ्या घराला एकच वायफाय देणारे दोन-तीन डबे, मुलगा म्हणतो मागांच्या मोटरींमुळं होतंय, आणि पैसे तुमच्या हातातनं जाणार म्हणून तुम्ही विचारताय की या तिघांतलं कुणाचं ऐकू.

आत्ता कुणाचंच ऐकू नका. तुमच्याच आकड्यांत निम्मं उत्तर आहे बघा. सोप्यात १८० येतंय म्हणजे रस्त्यावरनं घरात नेट पूर्ण येतंय, त्यामुळं ३०० चा प्लॅन घेतला तर सोप्यात पावणेतीनशे दिसेल आणि माडीवर तेच ५-६ राहील. तो पैसा वाचवा. आणि दुसरं, व्हिडिओ मीटिंगला तसं बघितलं तर ३-४ एमबीपीएस पुरतं, म्हणजे माडीवरचं ५-६ सुद्धा जर सलग येत असतं तर मुलाचा आवाज तुटला नसता. तो तुटतोय म्हणजे नेट मधे मधे अडखळतंय. स्पीड टेस्ट केल्यावर मोठा आकडा सगळे बघतात खरं त्याच्या शेजारी पिंग म्हणून एक बारीक आकडा असतो, निरोप जाऊन उत्तर परत यायला किती मिलिसेकंद लागले त्याचा, तो बघा. सोप्यात तो १०-२० असेल आणि माडीवर कधी ३०, कधी ४०० असा उड्या मारत असेल तर दुखणं घरातल्या घरात आहे, नेटवाल्याच्या लाइनीत नाही.

मागांचं म्हणाल तर मुलाला सांगा, मोटरी तशा निर्दोष आहेत. वायफाय चालतं २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आणि त्याच्याही वर कंपनं, मागाच्या मोटरीचा विजेचा गोंगाट त्याच्या लई खाली असतो, तिथवर पोचत नाही. अडथळा होतो तो लोखंडाचा आणि पत्र्याचा. पत्र्याचं शेड, आत लोखंडी माग, त्यातनं वायफाय जात नाही, आदळून परत येतं. पण एक लक्षात ठेवा, लाइटच्या वायरीतनंच नेट नेणारे प्लग मिळतात, एक सॉकेट इथं एक तिथं लावायचं असे, ते मात्र तुमच्या घरात घेऊ नका. त्यांना मोटरींचा गोंगाट खरोखर बाधतो, माग बंद असताना झकास चालतील आणि माग सुरू झाले की बसतील.

आता तपासणी. मागांना सुट्टी असेल किंवा मुलाला सुट्टी असेल असा दिवस धरा, कारण नेट अधनंमधनं बंद करावं लागणार. आधी माजघरातला रिपीटर आणि माडीवरचा राउटर दोन्ही प्लगातनं काढा. मग लॅपटॉप सोप्यातल्या बॉक्सला वायफायनं नको, वायरनं जोडा आणि टेस्ट करा. १९० च्या आसपास आलं की मूळ ठीक. जर ९०-९५ वरच अडकलं आणि काही केल्या पुढं सरकेना, तर ते लॅन पोर्ट, म्हणजे वायर घालायचं भोक, किंवा ती वायर १०० ची आहे असं समजा. हा ९४-९५ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कुठंही तो दिसला की आधी वायर आणि पोर्ट बघायचं, बाकी काही नंतर.

त्यानंतरचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि ते सहसा कुणी करत नाही. काढलेले दोन्ही डबे परत लावा आणि तिन्ही डब्यांची वायफायची नावं तात्पुरती वेगळी ठेवा. सरळ सोपा, माजघर, माडी अशीच द्या. आता तुमच्याकडं तिन्हीला एकच नाव आहे त्यामुळं माडीवर बसलेला फोन नेमका कुणाला चिकटलाय हे कुणालाच दिसत नाही. आपल्याला वाटतं वर राउटर आहे म्हणजे फोन त्यालाच धरणार, खरं तसं नसतं. कुठला डबा धरायचा हे फोन ठरवतो, डबा नाही, आणि फोन हट्टी असतात, सोप्यातनं नाहीतर माजघरातनं एकदा धरलं की माडीवर जाईपर्यंत तेच धरून बसतात, एक काडी रेंज राहिली तरी सोडत नाहीत. तुमचं ५-६ बघून मला दाट संशय हाच आहे की माडीवरचे फोन आणि कदाचित लॅपटॉप पण माजघरातल्या रिपीटरला लोंबकळलेत आणि डोक्याजवळचा राउटर नुसता दिवे लावून बसलाय. नावं वेगळी केली की प्रत्येकाला एकेक करून जोडा, शेजारी उभं राहून टेस्ट करा, आकडा आणि पिंग वहीत लिहा. अर्ध्या तासात कळतं कुठला डबा काम करतोय आणि कुठला नुसता हवा अडवतोय.

हवा अडवतोय म्हणजे काय ते सांगतो. वायफाय हवेतल्या ज्या ठरावीक पट्टीवर बोलतं तिला चॅनेल म्हणतात, आणि एका चॅनेलवर वायफाय म्हणजे एका खोलीत एका वेळी एकानंच बोलायचं असं असतं. तुमचे डबे तीन असले तरी ते एकाच चॅनेलवर असतील तर ते एकमेकांचं संपायची वाट बघत बसतात. रिपीटर तर त्याहून वाईट, कारण तो सोप्यातलं ऐकतो आणि तेच परत माजघरात बोलतो, साधा स्वस्तातला असेल तर त्याच चॅनेलवर, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते आणि स्पीड तिथंच निम्मं. वरनं तो तुम्ही कुठं लावलाय, तर जिथं रेंज येत नव्हती तिथंच. तिथं त्यालाच नीट ऐकू येत नाही तर तो पुढं काय सांगणार? रिपीटर लावायचाच झाला तर रेंज जिथं अजून चांगली आहे त्या जागी, म्हणजे सोप्याच्या आणि माजघराच्या मधल्या दाराच्या तोंडाला लावायचा. आणि लांबचा एखादा फोन ६ एमबीपीएसच्या गतीनं रडतखडत बोलत असेल तर तो १२० वाल्या जवळच्या लॅपटॉपपेक्षा त्याच कामाला वीसपट वेळ हवा खातो, म्हणजे एकाच्या रडण्यात सगळं घर अडकतं. तिसरा डबा लावल्यावर त्रास वाढला हे तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर निरीक्षण आहे, त्याचं कारण हेच.

माझं स्पष्ट मत, रिपीटर काढून टाका. तुमच्याकडं माडीवर वायर गेलेली आहे, हे मोठं भाग्य आहे, किती घरांत लोक वायर नको म्हणून हजारो रुपयांचे सेट आणतात आणि मग दगडी भिंतीला दोष देत बसतात. वायर आहे तर सगळा जीव त्या वायरीत घाला.

तर वायरीकडं येऊ. नेटच्या वायरीत बारीक ८ तारा असतात, दोन-दोनच्या पिळाच्या ४ जोड्या. १०० च्या स्पीडला त्यातल्या ४ च तारा चालतात, हजारच्या म्हणजे गिगाबिटच्या स्पीडला आठही लागतात. इलेक्ट्रिशियन मंडळी लाइटची कामं उत्तम करतात खरं या वायरीचं टोक पिन करताना कधी एखादी तार आत पोचत नाही, कधी रंगांचा क्रम आपल्या सोयीनं लावला जातो, मग वायर चालते पण १०० वर, नाहीतर १० वर, नाहीतर पावसाळ्यात चालते उन्हाळ्यात नाही असे खेळ. पारदर्शक पिन उजेडात धरून बघा, पितळी पट्ट्या स्वतःकडं आणि खटका पलीकडच्या बाजूला, डावीकडनं क्रम असा पाहिजे: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्याच्या दोन तारांच्या मधे निळ्याची जोडी येते हे विचित्र वाटतं आणि तिथंच चुकतं, लोक हिरवा हिरव्याला लावून मोकळे होतात. आठही तारांची टोकं पिनेच्या अगदी पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. शंका असली तर नेटवाल्याकडं नाहीतर सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडं टेस्टर असतो, एक टोक इथं एक तिथं, १ ते ८ दिवे ओळीनं लागतात, दोन मिनिटांचं काम.

वायरच बदलायची वेळ आली तर कॅट-६ घ्या, पूर्ण तांब्याची मागा. स्वस्तात मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, ती चटकन तुटते आणि कनेक्शन ढिलं पडतं. खडेबाजारात घेताना टोक थोडं कापून ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं चमकलं तर ती नको. लांबीची काळजी नको, १०० मीटरपर्यंत चालते आणि तुमचं घर कितीही लांबट असलं तरी तेवढं नाही. आणि लाइटच्या वायरीच्या पाइपातनं ही नेलेली असली तर वेगळा पाइप टाकून घ्या, नेटच्या हिशोबानं तर खरंच, पण त्याहून जास्त शॉकच्या भीतीनं. मागांची लाइन आहे तुमच्याकडं, इथं कंजुषी नको.

आता माडीवरचा जुना राउटर. वायर त्याच्या कुठल्या भोकात घातलीय ते बघा. वेगळ्या रंगाचं एक असतं, वॅन किंवा इंटरनेट लिहिलेलं, आणि बाकीची लॅनची. इलेक्ट्रिशियननं साहजिकच इंटरनेट लिहिलेल्यात घातली असणार. त्यामुळं काय होतं, तो राउटर स्वतःचं एक वेगळं घर मांडून बसतो, सोप्यातला बॉक्स फोन-लॅपटॉपना एका मालिकेतले नंबर, म्हणजे नेटवरचे पत्ते, वाटून देतो आणि हा वरचा दुसऱ्याच मालिकेतले वाटून देतो, मग माडीवरनं खालचा प्रिंटर दिसत नाही, कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे घरनं कंपनीच्या नेटवर्कात शिरायचा सुरक्षित रस्ता, कधी जोडतं कधी तुटतं, आणि खालनं वर जाताना फोनला नवीन नंबर घ्यावा लागतो म्हणून चालू कॉल कट. राउटरच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असा पर्याय असेल, म्हणजे स्वतः नंबर न वाटता नुसतं वायफाय द्यायचं, तर तो चालू करा, बास, झालं काम. जुना आहे म्हणून तो पर्याय नसला तर हातानं करता येतं: आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला, सोप्यातला बॉक्स १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या आणि दुसऱ्या कुणाला तोच नंबर जाणार नाही एवढं बघा, मग डीएचसीपी, म्हणजे त्याचं नंबर वाटायचं काम, बंद करा, आणि शेवटी खालनं आलेली वायर इंटरनेटच्या भोकातनं काढून लॅनच्या भोकात घाला. हाच क्रम ठेवा, उलट केलं तर त्या राउटरच्या सेटिंगमध्ये परत शिरताना दमछाक होते. आणि त्याच दोन डब्यांच्या मधे दोन वायरी जोडू नका, जास्त वायरी म्हणजे जास्त स्पीड असं काही नाही, उलट चक्र तयार होऊन सगळ्या घराचं नेट झोपतं.

जुन्या राउटरचं अजून एक बघा. त्याच्या वायफायच्या यादीत नुसतं २.४ च दिसतंय का ५ गिगाहर्ट्झ पण आहे? नुसतं २.४ वाला असला तर खोक्यावर १५० किंवा ३०० लिहिलेलं असतं खरं प्रत्यक्षात त्याच्या निम्मं सुद्धा कष्टानं येतं, आणि बहुतेक वेळा त्याची भोकंही १०० चीच असतात. वर सांगितलेलं सगळं करूनही माडीवर ४०-५० च्या पुढं जाईना तर मात्र खर्च करा, पण एकाच डब्यावर, ५ गिगाहर्ट्झ आणि गिगाबिट पोर्ट असलेला साधा राउटर घ्या आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा. तुमच्या मुलाच्या कामाला ४०-५० सुद्धा ढीग होतं, सलग आलं म्हणजे झालं, म्हणून घाई करू नका.

चॅनेलचं पाच मिनिटांचं काम आहे. २.४ वर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांत न मिसळणारे, म्हणून सोप्याला १ द्या, माडीला ११, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० करू नका, वडगावात घराला घर लागलेलं आहे, ४० केलं की शेजारच्या दोघा-तिघांच्या वायफायवर चढता. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६ आणि दुसऱ्याला १४९ द्या, रुंदी ८० चालेल. ऑटो वर ठेवलं तर लाइट जाऊन आली की प्रत्येक डबा उठल्यावर आपल्या मनानं चॅनेल निवडतो आणि पुन्हा दोघं एकाच ठिकाणी येऊन बसू शकतात, म्हणून हातानं ठरवून टाका. आजूबाजूला कुठलं चॅनेल गजबजलंय ते अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझरसारख्या ॲपवर दिसतं. त्याच ॲपवर रेंज उणे आकड्यात दिसते, -५० म्हणजे उत्तम, -६५ पर्यंत मीटिंग निवांत चालते, -७५ च्या पुढं गेलं की रडारड सुरू.

सगळं बसलं की दोन्ही डब्यांना परत एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या, म्हणजे चालता चालता फोन बदलून घेईल. फोनचा हट्ट मोडायला दोन्हीकडं २.४ ची पॉवर मध्यम किंवा कमी करा. हे ऐकायला उलटं वाटतं, रेंज कमी करून नेट कसं सुधारेल, पण सोप्यातल्या बॉक्सचा आवाज माडीपर्यंत पोचलाच नाही तर फोन त्याला चिकटून राहणार कसा? मुलाच्या लॅपटॉपला तर मी वायफाय देणारच नाही. माडीवरच्या राउटरला लॅनची भोकं रिकामी आहेत, टेबलापर्यंत एक छोटी वायर टाका आणि वायरवरच काम करू दे, त्याची रोजीरोटी आहे ती.

माजघराचं राहिलं. रिपीटर काढल्यावर तिथं काय? नेटवाल्याला सांगा की सोप्यातला बॉक्स आत माजघरात आणून दे. सोप्यात रस्त्याकडच्या भिंतीला बसवलाय कारण खांबावरनं वायर तिथं उतरली, त्यांना सोपं पडलं, त्यामुळं निम्मी रेंज रस्त्यावर आणि शेडात चाललीय. फायबरची बारीक तार अजून आठ-दहा मीटर आत ओढणं अवघड नाही, फक्त ती कोपऱ्यात काटकोनात मुडपायची नाही, गोल वळण द्यायचं, आणि स्वतः ओढायच्या भानगडीत पडू नका, त्यांच्याकडनंच करून घ्या. माजघरात डोक्याच्या उंचीच्या वर, मोकळ्यावर बसवा. लोखंडी कपाटाच्या मागं नाही, शोकेसच्या काचेत नाही, फ्रिजवर नाही. माडीवरच्या वायरीचं खालचं टोक पण मग तिथं आणावं लागेल, दोन्ही कामं एकाच दिवशी सांगा.

दुकानदाराचा मेश वाईट नाही, ज्यांना वायर ओढताच येत नाही त्यांना तो उपयोगी आहे. पण तुमच्या दगडी भिंतीतनं तो पण हवेतनंच बोलणार, म्हणजे रिपीटरचंच दुखणं थोडं कमी होऊन राहणार. पुढं कधी घेतलाच तर त्याचे डबे वायरनंच एकमेकांना जोडा, तसं जोडता येतं, आणि जोडलं तरच पैसे वसूल.

लाइटचं एक. सोप्यातला बॉक्स इन्व्हर्टरवर आणि माडीचा राउटर साध्या पॉइंटवर असं असेल तर लाइट गेल्यावर माडीवरचे फोन खालच्याला जाऊन चिकटतात आणि लाइट आल्यावर परत वर येत नाहीत, मग तुम्हाला वाटतं सगळं करून परत पहिले पाढे पंचावन्न. दोन्ही डबे इन्व्हर्टरच्याच लाइनीवर घ्या.

वहीतले आकडे, म्हणजे सोपा, माजघर, माडी, प्रत्येक ठिकाणचं स्पीड आणि पिंग, आधीचं आणि नंतरचं, मला लिहून पाठवा. आणि माडीवरच्या राउटरच्या मागच्या चिकटपट्टीवर मॉडेल नंबर असतो तो पण लिहा, म्हणजे त्याच्यात ॲक्सेस पॉइंट मोड कुठं सापडेल ते पुढच्या वेळी नेमकं सांगता येईल. तोवर प्लॅन आहे तोच चालू ठेवा.